जराथांब

११ जानेवारी

सेल्विन,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. तुला इथल्या पोलिसांचा फोन येईल. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय.

हस, पोटभर हस. ऑस्ट्रेलियातून इथवर ऐकू येतंय मला.

अर्जात जवळच्या नातलगाचं नाव द्यावं लागतं. नवरा असेल तर नवऱ्याचं. माझा नाही हे तुला ठाऊकच आहे, आणि मधल्या वर्षांत मी कुणाला धरून आणलेला नाही. आईबाबा गेलेत. उरलास तू. म्हणून तुझं नाव ठोकून दिलं, आणि नंबर ग्लेनिसकडून घेतला. आपली चुलत बहीण अजून तशीच आहे, नंबर द्यायच्या आधी तिने अर्धा तास तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि तुझं 'नाही' ऐकायचा मला कंटाळा आलाय.

ते विचारतील, बाई डोक्याने ठीक आहे का, पिते किती, रागाच्या भरात काही करते का. खरं काय ते सांग. मी तुला पातेलं फेकून मारलं होतं तेही खुशाल सांग, पण ते रिकामं होतं आणि तुला लागलं नव्हतं हेसुद्धा सांग.

या वयात कशाला, असं म्हणशील. तर ऐक. बाबांची रायफल ते गेल्यापासून शेजारच्या अर्नच्या तिजोरीत आहे, कारण परवाना त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही. आता अर्न आणि नायरी शेत विकून ग्रेमाउथला लेकीजवळ राहायला चाललेत. एप्रिल संपला की ते गेले. तोवर माझा परवाना आला तर रायफल माझ्या घरी येईल. नाही आला तर ती दुकानात जाईल आणि तिथून कुणा परक्याच्या खांद्यावर. बाबांची रायफल! अर्न म्हणतो, "मी तरी काय करू, नोली? कायदा आहे."

बाबांनी ती मला दिली. हरणाच्या नराला साद घालायचं त्यांचं शिंग तू नेलंस. न विचारता नेलंस, पण मी त्यावर कधी काही बोलले नाही. ज्या खिळ्याला ते असायचं त्याला मी उन्हाची टोपी अडकवते.

बाकी मजेत आहे. शाळेची बस चालवणं मागच्या वर्षी सोडलं, तरी मुलं रस्त्यात हात करतात. आलुबुखार इतके लागलेत की फांद्या टेकल्यात. टिग पायाशी घोरतेय. ती कुत्री आहे, तू गेल्यानंतरची.

नोलीन


४ फेब्रुवारी

सेल्विन,

पास झाले. सगळी उत्तरं बरोबर.

गावच्या सभागृहात दिवसभर शिकवणी होती. मी सोडले तर सगळी मिसरूड फुटलेली मंडळी. शिकवणारा मला म्हणतो, "आजी, मागे ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, "मला ऐकू येतंय, तुम्ही बोलताय त्यात ऐकण्यासारखं काही आलं की सांगा." नंतर चांगला माणूस निघाला. मी भाजून नेलेले स्कोन त्याने चार खाल्ले.

सगळे नियम बाबांनीच आपल्याकडून घोटून घेतलेले. नळी कुणाकडे वळवायची नाही, गोळी ऐन वेळी भरायची. आणि तो एक, निशाण काय आहे याची पुरती खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही. त्याच्यावर तो माणूस बराच वेळ बोलला. दरवर्षी कुणी ना कुणी आपल्याच सोबत्याला हरीण समजून मारतो म्हणे. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी मात्र मनात बाबांचा आवाज ऐकत होते, "आली बघा आमची जराथांब."

आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. मला ते नाव कधीच आवडलं नाही. बाबा म्हणायचे ते म्हणायचे, तू त्यात री ओढायचास, शाळेत, दुकानात, अर्नसमोर. एका संध्याकाळी दोनदा 'जरा थांब' म्हटलं म्हणून मुलीला जन्मभराचं नाव चिकटतं का? मी हसायचे, कारण नाही हसलं तर तुम्ही जास्त म्हणाला असतात.

आणि बाबांना पोचवून आल्यावर, अंड्याच्या सँडविचची ताटं अजून भरलेली असताना, सगळ्यांदेखत तू काय म्हणालास? "जिला चाप ओढवत नाही तिला रायफल!" ते मला लागलं, सेल्विन. पातेलं म्हणूनच आलं.

झालं, बोलले. आता बरं वाटतंय. आज ढग नाहीत, डोंगर स्पष्ट दिसतोय आणि मी मुरंबा ढवळायला चाललेय.

नोलीन


१ मार्च

सेल्विन,

तपासणीवाला येऊन गेला. हेमी पाराता नाव. दारात मावेना एवढा माणूस, पण बूट ओसरीवर काढून आत आला. मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. मला "मावशी" म्हणतो. पहिल्याच वाक्याला मी त्याला माफ केलं, कशाबद्दल ते अजून ठरलं नव्हतं, तरी केलं.

लोखंडी कपाट मी जानेवारीतच भिंतीला ठोकून घेतलंय. त्याने ते धरून हलवलं, लटकून पाहिलं. कपाट हललं नाही, भिंत जरा कुरकुरली. मग म्हणाला, "किल्ली कुठे ठेवणार?"

मी मोठ्या दिमाखात पिठाचा डबा उघडला आणि म्हटलं, "इथे! चोराच्या बापाला सापडणार नाही."

त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "अरेरे, मावशी! मला कशाला सांगितलंत? कुणालाच सांगायची नसते."

"तू पोलिसांचा माणूस ना?"

"पोलिसांच्या माणसालासुद्धा नाही. आता नवी जागा शोधा, आणि मी विचारलं तरी सांगू नका."

"मग विचारतोस कशाला?"

"तुम्ही सांगता का ते बघायला!"

तर किल्ली हलवलीय. तुलाही सांगणार नाही.

अर्न माझा नात्याबाहेरचा साक्षीदार, त्याच्याशीही तो बोलला. अर्नने माझी इतकी तारीफ केली की हेमीला वाटलं हा स्थळ सुचवायला आलाय. नायरीने त्याला नदीतल्या पांढऱ्या माशांची धिरडी खाऊ घातली, मागच्या हंगामातले फ्रीजरमधले शेवटचे मासे. ही लाच नाही, इथे कुणी जेवल्याशिवाय जात नाही हे त्याने कागदावर लिहून घ्यावं असं ती म्हणाली.

राहिलास तू. हेमीने तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. दिवसभर तू उसाच्या शेतात असतोस हे मी त्याला सांगितलं, संध्याकाळी कर म्हटलं. तो म्हणाला, "परदेशातला माणूस म्हणजे कटकट आहे, मावशी. दुसरं कुणी नाही का? चुलत बहीणही चालेल."

ग्लेनिस पंधरा मिनिटांवर राहते. तिने आनंदाने सांगितलं असतं, माझ्याबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

मी म्हटलं, नाही. माझा भाऊ आहे.

त्याने मान हलवली आणि तुझं नाव तसंच ठेवलं. उगाच अर्थ काढत बसू नकोस. फोन उचल.

नोलीन


२३ मार्च

सेल्विन,

हेमीचा निरोप आला. तू फोन उचललास. त्याने माझं नाव घेतलं, आणि तू काय म्हणालास? "जरा थांबा." आणि ठेवून दिलास!

आधी मला इतका संताप आला की टिग टेबलाखाली जाऊन बसली. मग हसूच फुटलं. अरे गाढवा, ते माझं वाक्य आहे!

पण आता थट्टा पुरे. तुझ्या उत्तरावाचून अर्ज पुढे सरकत नाही. हेमी म्हणतो, भावाने तोंड उघडलं नाही तर वरच्या साहेबाला वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय. अर्नच्या घरी खोकी बांधून झालीत. दुकानदार येऊन रायफल बघून गेला. मी तिथेच उभी होते. त्याने तिच्या दस्त्यावरून हात फिरवला, जिथे बाबांचा गाल टेकून टेकून लाकूड काळं झालंय तिथून, आणि म्हणाला, "हे घासून काढावं लागेल." मी बाहेर गेले. नायरी मागून आली, आम्ही दोघी कोंबड्या बघत उभ्या राहिलो.

तुला मी परवान्याला योग्य वाटत नसेन तर तसं सांग. चाप ओढवत नाही म्हण, पातेलं म्हण, काही म्हण. नकार सोसेन मी. न बोलणं आता पुरे झालं, ते मी बाबा गेले त्या हिवाळ्यापासून सोसतेय.

काल पहाटे या मोसमातला हरणाचा पहिला नर डुरकला. वर, खिंडीच्या अंगाला. मी गाउनवरच बाहेर आले आणि पाय गार पडेपर्यंत ऐकत बसले. तिकडे उसात काय डुरकतं रे?

नोलीन


६ एप्रिल

सेल्विन,

अजून तुझं काही नाही. तरी मी खुशीत आहे, कारण काल आम्ही वर गेलो होतो.

अर्नला जाण्याआधी एकदा डोंगरातल्या बाबांच्या शिकारीच्या खोपटापर्यंत जायचं होतं. परवाना नसलेल्याने बंदूक धरायची तर परवानेवाला हात पुरेल इतक्या जवळ हवा, हे तुला ठाऊकच आहे. अर्न इतका चिकटून चालला की मी म्हटलं, "अरे, नायरी बघेल!" तो म्हणाला, "बघू दे. चाळीस वर्षांत बाईला एकदाही संशय आला नाही, मला अपमान वाटतो."

खोपट उभं आहे. चूल गंजलीय, तुझी खाट उंदरांनी खाल्लीय.

दुपार कलल्यावर ओढ्यापलीकडे नर डुरकला. अर्नने तोंडाशी ओंजळ धरून उत्तर दिलं. तिकडून पुन्हा आलं, जवळून. असं चाललंच होतं, आणि शेवटी नेच्यांतून वर काय आलं? नारिंगी टोपी! खालच्या गावचा एक शिकारी, हातात शिंग घेऊन. तासभर हे दोघे एकमेकांना नर समजून बोलावत होते. अर्न तर हसता हसता ओल्या गवतातच बसला.

उतरताना मला ती संध्याकाळ आठवली. तू लहान होतास, तुला कितपत आठवत असेल कोण जाणे. मी चौदाची, तू अकराचा. तुला खोकला होता म्हणून बाबांनी तुला खोपटात ठेवलं, विस्तव सांभाळ म्हणून. शिंगही तिथेच विसरलं, म्हणून बाबा ओंजळीतूनच डुरकले. आणि ओढ्यापलीकडून असं उत्तर आलं की मी बाबांची बाहीच धरली. बाबांनी रायफल माझ्या हाती दिली. "तुझा आहे हा," म्हणाले. माझ्या मागे टेकून बसले, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. नेच्यांमागे तपकिरी काहीतरी हललं.

"मार."

"जरा थांब, बाबा."

"अगं मार! खांदा दिसतोय."

"जरा थांब."

मला शिंगं दिसली नव्हती, एवढंच. खांदा दिसला, रंग दिसला, आवाज तर ऐकलाच होता. पण शिंगं दिसेनात. मग नेचे हलले आणि ते गेलं.

बाबा उठले. पलीकडे बघायला गेले, बराच वेळ आले नाहीत. खोपटात परतलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपला होतास, त्यांचा तपकिरी कोट पांघरून. त्यांनी तुला उठवलं नाही. चुलीजवळ तुझे बूट होते, ते उचलून जरा लांब सरकवले, जळू नयेत म्हणून. सकाळी खाली येताना मला पहिल्यांदा म्हणाले, "चल गं, जराथांब." त्या दिवसानंतर त्यांनी शिंग कधी फुंकलं नाही. दम लागतो म्हणायचे.

तेवढा मोठा नर पुन्हा त्या ओढ्याला आला नाही. माझ्यामुळे बाबांचा तो गेला, असं मला नेहमी वाटत आलं.

असो. येताना अळंबी मिळाली, लोण्यात परतून खाल्ली. झोप छान लागली.

नोलीन


१७ एप्रिल

सेल्विन,

शुक्रवारी सकाळी हेमी आला. बूट काढले, या वेळी मोजे धड होते. मी किटली ठेवली. तो बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या भावाचा फोन आला. त्याने आपण होऊन केला."

मी म्हटलं, "काय म्हणाला?"

"खरं तर हे आम्ही सांगत नाही. पण तो म्हणाला, तिला सांगाच. मला सांगवत नाही म्हणाला. मी लिहून घेतलंय, वाचू का?"

आणि त्याने त्याच्या त्या जाड आवाजात वाचलं. 'विचारताय म्हणून सांगतो. माझ्या बहिणीइतकं बंदूक हातात द्यायच्या लायकीचं माणूस मला माहीत नाही. ती चौदा वर्षांची असताना आमच्या वडिलांनी तिला दोनदा सांगितलं, मार. ती दोनदा थांबली. नेच्यांमागे मी होतो. वडिलांचा कोट घालून, त्यांचं शिंग फुंकत.'

हेमीने पान उलटलं आणि तुझं पुढचं वाचलं. 'बाबांनी चुलीजवळचे ओले बूट पाहिले आणि त्यांना कळलं. कधी बोलले नाहीत. पण रायफल तिला दिली तेव्हा मला समजलं की ते विसरले नव्हते, आणि मी सगळ्यांसमोर तिलाच बोललो.'

किटली ओरडत होती. हेमीनेच उठून बंद केली.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं! मी नर घालवला म्हणून मनात कुढत राहिले आणि तो नर शाळेच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसून मला जराथांब म्हणत होता! पातेलं हाताशी होतं, फेकायला तू नव्हतास. आणि मी पण काय मठ्ठ! आठवड्यापूर्वी त्या नारिंगी टोपीवर हसून हसून लोळले, तुझे बूट, तो कोट, सगळं स्वतःच्या हाताने तुला लिहून पाठवलं, आणि डोक्यात उजेड पडला नाही.

मग मी माझ्या बोटाकडे बघितलं. उजव्या हाताच्या. सेल्विन, ते चापावर होतं रे. आत वळवलेलं होतं. मी खाली बसले आणि हेमीच्या एवढ्या मोठ्या दंडाला धरून रडले. तो म्हणत राहिला, "आहे ना तो, मावशी. आहे. काल बोललोय मी त्याच्याशी."

बाबा ते नाव टोमणा म्हणून घेत नव्हते. आता मागे जाऊन ऐकते तर वेगळंच ऐकू येतं. मला हाक मारताना ते नेहमी एकदा तुझ्याकडे बघायचे.

परवाना पोस्टाने मंगळवारी आला. फोटोत मी चोर दिसते. त्याच दुपारी अर्नने ब्लँकेटात गुंडाळून रायफल आणली, सगळ्या सह्या केल्या, आणि मग जायला निघेना. दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी नायरीनेच ओढून नेलं. ते पुढच्या शनिवारी निघतील. मला वाईट वाटतंय, पण ग्रेमाउथ काही चंद्रावर नाही. दस्त्यावरचा काळा डाग आहे तसाच आहे.

काल पहाटे एकटीच वर गेले. त्याच ओढ्याला. बराच वेळ काही नाही, नुसतं पाणी. मग पलीकडून एक नर उघड्यावर आला, चार पाय, दोन कान, शिंगांचं एकेक टोक दिसत होतं, मागे दगडाची दरड. कुणाचं मूल नव्हतं ते, अगदी नक्की. मी चाप ओढला. एकच गोळी लागली. काळीज तिथेच कापून घेतलं आणि घरी कांद्यावर परतलं. अर्ध्या गावाला मटण वाटून झालं, तुझा एक मांडा फ्रीजरमध्ये आहे. तो वर्षभर टिकेल, त्याहून जास्त नाही, तेव्हा हिशेबाने ये.

तिकीट पुढच्या एप्रिलचं काढ. खाट मी दुरुस्त करते. खिळ्यावरची टोपी काढून ठेवलीय, शिंग घेऊन ये आणि तिथे अडकव. हवं तर वर ओढ्याकाठी फुंकसुद्धा.

फक्त फुंकायच्या आधी मला हाक मार.

तुझी,
जराथांब